छप्पर कुठवर

गणिताच्या सरांनी विणकामाच्या बाईंकडे पहिल्यांदा नीट बघितलं ते एका बोटामुळे.

मधली सुट्टी होती. शिक्षकांच्या खोलीत खिडकीखालच्या बाकावर बाई मान खाली घालून बसल्या होत्या. मांडीवर अर्धवट विणलेलं काहीतरी पडलेलं, आणि सुईवरचे टाके त्या एका हाताने चाचपत, ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. तेवढ्यात मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, दारात येऊन म्हणाल्या, "अहो, जरा ऑफिसात येता का?" मोठ्या बाईंची हाक आली की त्या खोलीतली माणसं चहाचा कप तसाच टाकून उठायची. विणकामाच्या बाई उठल्या नाहीत. मान वर न करता त्यांनी मोकळ्या हाताचं एक बोट फक्त उभं केलं. थांबा.

मोठ्या बाई थांबल्या. चित्रकलेचे मास्तर, ज्यांना मुलं रंगोबा म्हणत, त्यांनी बिस्किट चहात बुडवलं होतं ते तिथेच विरघळलं. ओळ मोजून झाली, बोट खाली आलं, आणि बाई गडबडीने उठत म्हणाल्या, "माफ करा हं. मधेच सोडलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं असतं."

सरांना हे फार आवडलं. मोठ्या बाईंपेक्षा मोजणीला जास्त मान देणारं माणूस त्यांनी त्या शाळेत दुसरं पाहिलं नव्हतं. घरी जाऊन त्यांनी बायकोला ती गोष्ट बोट उभं करून सांगितली. बायको म्हणाली, "तुम्ही मोजत असता तेव्हा मीही बोलत नाही, पण माझं कौतुक कधी केलं नाहीत."

विणकामाच्या बाईंबद्दल सरांना तोवर जे ठाऊक होतं ते कुणालाही ठाऊक असेल तेवढंच. शाळेमागच्या गल्लीत, कोपऱ्यावरून तिसऱ्या घरात त्या राहत. घरात त्या आणि त्यांची सासू. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, आणि त्यानंतर माहेरी न जाता त्या सासूजवळच राहिल्या. दोघी दिवसभर भांडत आणि एका ताटात जेवत. नोकरी शोधायला निघाल्या तेव्हा या शाळेत जागा एकच रिकामी होती, शिवण-विणकामाची. ती त्यांनी घेतली. लग्नाआधी त्यांनी गणित घेऊन पदवी मिळवली होती, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

ते उघड झालं विणकामाचे तास बंद व्हायची वेळ आली तेव्हा. पुढच्या वर्षापासून शिवण-विणकाम नाही, असं संस्थेने ठरवलं. त्याच सुमारास वरच्या वर्गाच्या ब तुकडीला गणित शिकवणारे शिक्षक नोकरी सोडून गेले. मोठ्या बाईंनी जुनी कागदपत्रं चाळली आणि सरांना ऑफिसात बोलावून घेतलं.

"विणकामाच्या बाईंना ब तुकडी देऊन बघायची म्हणते. तुमचं काय मत?"

सरांना वाईट वाटलं. अ तुकडी त्यांची होती. ब तुकडीही आपल्यालाच मिळेल, निदान तिथे कोण यावं हे तरी आपल्याला विचारून ठरेल, असं ते धरून चालले होते. ते म्हणाले, "तुमची इच्छा. पण गणित म्हणजे काही लोकरीचा गुंडा नाही, कुणीही उचलावा आणि विणावं."

"म्हणूनच पाठ ठेवलाय," मोठ्या बाई म्हणाल्या. "संस्थेची माणसं येऊन वर्गात बसतील. पसंत पडलं तर बाई राहतील. नाही पडलं तर पुढच्या वर्षी त्यांना द्यायला माझ्याकडे एकही तास नाही. म्हणून म्हणते, तुम्ही जरा हात द्या त्यांना."

सरांनी हात दिला, हे खरंच आहे. बाई रोज काही ना काही विचारत. "सर, एक टाका अडलाय," असं म्हणून पुस्तक पुढे करत, आणि सर तो टाका सोडवून देत. त्यांना ते आवडायचंही. बाई एकदा सांगितलेलं पुन्हा विचारत नसत. पण महिन्याभरात अ तुकडीतली मुलं सरांच्या कानावर पडेल असं बोलायला लागली. "ब वाल्यांची मजा आहे रे, त्यांच्या बाई लोकरीने गणित शिकवतात." सरांनी त्या मुलांना बाकावर उभं केलं. कारण विचारल्यावर त्यांना पटकन सांगता आलं नाही, म्हणून ते म्हणाले, "वर्गात बोलता म्हणून."

पाठासाठी बाईंनी वर्गमुळांचे आलेख घेतले होते. एक मूळ आलेख काढायचा, आणि मग तोच सरकवून, उलटा करून, ताणून बाकीचे सगळे मिळवायचे. पाठाच्या आदल्या दिवशी, मधल्या सुट्टीत, त्या सरांसमोर येऊन उभ्या राहिल्या. पुस्तक छातीशी धरलेलं, पानात खुणेला बोट घातलेलं.

"सर, शेवटचा टाका. वर्गमूळ एक्स उणे तीन असेल, तर वक्र कुठे सरकतो?"

"खाली," सर म्हणाले. हातात कप होता आणि रंगोबा काहीतरी किस्सा सांगत होते, तो अर्धवट राहिला होता. "तीन घरं खाली. त्यात काय एवढं?"

"खाली का?" बाईंचा चेहरा जरा गोंधळला. "मला वाटत होतं, डावीकडे की उजवीकडे…"

"उणे म्हणजे कमी. वक्राची उंची तीनने कमी झाली. कमी झाली की माणूस कुठे जातो? खालीच ना?" मग खोलीकडे बघून सर म्हणाले, "गणितात असंच असतं बाई. तुमच्याकडे निदान चुकलं तर उसवता येतं."

सगळे हसले. रंगोबा सगळ्यात मोठ्याने हसले. त्यांचा विषयही पुढेमागे बंद होणार अशी कुजबूज होती, त्यामुळे हल्ली ते कुणाच्याही विनोदाला मोठ्यानेच हसत. बाईसुद्धा हसल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं विचारलं. मी उगीच दोन दिवस घोळ घालत होते."

घंटा झाली. सर नळावर कप विसळायला गेले आणि पाण्याखाली हात धरलेला असतानाच त्यांच्या लक्षात आलं.

वर्गमुळाच्या चिन्हाला डोक्यावर एक आडवी रेघ असते, छपरासारखी. ते छप्पर एकट्या एक्सवर असेल आणि उणे तीन बाहेर असेल, तर वक्र तीन घरं खाली जातो. सरांनी दिलेलं उत्तर त्याचं होतं. पण छप्पर लांब असेल, उणे तीनही त्याच्या आत राहत असेल, तर वक्र खाली जात नाही. तो सरळ तीन घरं उजवीकडे सरकतो. कागदावर दोन्हींत फरक असतो तो एका रेघेच्या लांबीचा. आणि बोलण्यात? बोलण्यात तर एका अक्षराचा. 'वर्गमुळात एक्स उणे तीन' म्हटलं असतं तर प्रश्नच नव्हता. बाई 'वर्गमूळ' म्हणाल्या. सप्तमीचा त राहून गेला.

आणि बाईंना विचारायचं होतं ते लांब छपराचंच. सरांना याची खात्री होती, कारण आखूड छपराचा प्रश्न कुणीच विचारत नाही. तिथे उणे म्हणजे खाली हे पोरांनाही कळतं. सगळ्यांचं अडतं ते छपराच्या आत, जिथे उणे दिसलं की मन डावीकडे ओढतं आणि वक्र मात्र उजवीकडे जातो. म्हणूनच तर त्या 'डावीकडे की उजवीकडे' म्हणाल्या होत्या. सरांनी ते शब्द ऐकले होते. "बघू, दाखवा पुस्तक," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. बाईंचं बोट त्याच पानात होतं.

अजूनही काही बिघडलेलं नव्हतं. बाई समोरच्या वर्गात होत्या. पण त्या वर्गाच्या दारात उभं राहून, पोरांसमोर, 'अहो, मघाशी मी चुकीचं सांगितलं' म्हणायचं, हे सरांना जड गेलं. संध्याकाळी सांगू, ते मनाशी म्हणाले.

संध्याकाळी ते "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून घरातून निघाले आणि बाईंच्या गल्लीच्या कोपऱ्यावर येऊन थांबले. दिवे लागत होते. तिसऱ्या घराची खिडकी उघडी होती. आत बाई भिंतीला टेकवलेल्या जाड पुठ्ठ्याच्या एका मोठ्या पाटीसमोर उभ्या होत्या. पाटीवर चौकटी आखलेल्या, आणि त्यावर टाचण्यांनी लाल लोकर लावायचं काम चालू होतं. एक टाचणी दातांत धरलेली. खिडकीजवळ खुर्चीत सासू बसली होती आणि रस्त्याकडे बघत होती.

सरांना त्या कोपऱ्यावर काय वाटलं ते त्यांनी पुढे कितीही वेगळ्या शब्दांत मांडून पाहिलं, तरी ते बदललं नाही. त्यांना वाटलं, उद्या पाठ चांगला झाला तर आपण मोठ्या बाईंना जे बोललो ते खोटं पडेल. त्यांनी स्वतःला सांगितलं ते वेगळं. पुस्तक आहे त्यांच्याकडे, आकडे घालून बघतील, येईल लक्षात. पदवी घेतलेली बाई आहे. मग ते वळले आणि आल्या वाटेने घरी गेले. बायकोने विचारलं, "एवढ्यात मोकळे झाले पाय?"

दुसऱ्या दिवशी संस्थेची दोन माणसं पुढच्या खुर्च्यांवर बसली, त्यांच्याशेजारी मोठ्या बाई, आणि विषयाचे शिक्षक म्हणून सरांना शेवटच्या बाकावर जागा मिळाली. शाळेच्या शिपाईमामांनी पाटी आणून फळ्याला टेकवली आणि जाता जाता हळूच म्हणाले, "बाई, मफलर वगैरे काही विणायचंय का आज?" वर्ग हसला. बाईही हसल्या.

मग त्या बोलायला लागल्या. पाटीवर लाल लोकरीचा वक्र होता. एका कोपऱ्यातून निघून आधी झटकन चढणारा आणि मग जसजसा पुढे जाईल तसतसा सुस्तावणारा. "हा आपला मूळ आलेख," बाई म्हणाल्या. "आरंभबिंदूपासून निघतो. एकाचं मूळ एक, चाराचं दोन, नवाचं तीन. बघा, एकेक पायरी चढायला याला दर वेळी जास्त चालावं लागतंय. आपल्यासारखंच आहे याचं, वय वाढतं तसा दमतो."

मग त्यांनी विणायच्या सुया काढल्या, वक्राच्या टाचण्यांखालून सरकवल्या आणि सगळी लोकर अलगद उचलून दोन घरं वर नेली. मुळाच्या बाहेर अधिक दोन. मग खाली आणली आणि उलटी केली, मुळाच्या आधी उणे. वक्र पाण्यातल्या सावलीसारखा आडव्या अक्षाखाली गेला. मग तो पुन्हा मूळ जागी आणून त्या म्हणाल्या, "आता दुप्पट करू," आणि प्रत्येक टाचणी दुप्पट उंचीवर नेऊ लागल्या. शेवटच्या टाचणीपर्यंत लोकर पोचेचना. त्यांनी ओढली, तरी पुरेना.

"बाई, लोकर संपली!" कुणीतरी ओरडलं.

"संपणारच," बाई म्हणाल्या. त्यांनी हे आधीच ठरवून ठेवलं होतं. खिशातून लोकरीचा दुसरा तुकडा काढून त्यांनी गाठ मारली. "नुसतं सरकायला जास्तीची लोकर लागत नाही. उलटं व्हायलाही लागत नाही. ताणून उंच व्हायचं असेल तरच लागते. म्हणून सरकणं वेगळं आणि ताणणं वेगळं. आलं लक्षात?"

संस्थेच्या माणसांपैकी एकजण पुढे झुकून बघत होता. शेवटच्या बाकावरून सरही बघत होते. इतकी वर्षं ते हा धडा शिकवत होते, पण सरकणं आणि ताणणं यांतला फरक इतक्या स्वच्छपणे त्यांनी कधी दाखवला नव्हता. त्यांना मनापासून वाटलं, छान. आणि त्याच क्षणी ठाऊक होतं की पुढे काय येणार.

बाईंनी फळ्यावर वर्गमुळाचं चिन्ह काढलं. छप्पर लांब ओढलं. आत लिहिलं, एक्स उणे तीन. "आता हा बघा," त्या म्हणाल्या. आवाजात शंका नव्हती. वक्र पुन्हा मूळ आकारात आणून सुयांवर उचलला आणि तीन घरं खाली नेऊन बसवला.

पहिल्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला. "बाई, पण एक्सच्या जागी शून्य घातलं तर मुळाखाली उणे तीन येतं. उण्याचं मूळ निघत नाही असं तुम्हीच सांगितलंय. मग वक्र तिथून निघतो कसा?"

बाई पाटीकडे बघत राहिल्या. मग फळ्याकडे. मग पुन्हा पाटीकडे. सरांना त्यांचे ओठ हलताना दिसले. त्या मोजत होत्या, पण काय मोजत होत्या ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. वर्गात कुजबूज झाली. मोठ्या बाईंनी मागे वळून विचारलं, "सर, बरोबर आहे का हे?"

सर उभे राहिले. "नाही," ते म्हणाले. "चुकलंय. वक्र उजवीकडे जायला हवा. तीन घरं."

सगळ्या वर्गाने मागे वळून बघितलं. बाईंनीही. तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, काल मीच त्यांना खाली म्हणालो. सर त्याच शब्दांची वाट बघत होते, पण बाईंच्या तोंडून. बाई म्हणतील, तुम्हीच तर सांगितलंत, आणि मग आपल्याला हो म्हणता येईल.

बाई म्हणाल्या, "माझी चूक झाली. छप्पर कुठवर आहे ते मी बघितलं नाही." त्यांनी लोकर उचलली, वर नेली, तीन घरं उजवीकडे बसवली, आणि त्या मुलीला म्हणाल्या, "शाब्बास. आता तीन घाल. काय येतं?"

सर खाली बसले.

दुपारी शिक्षकांच्या खोलीत रंगोबा म्हणाले, "अहो सर, काल त्यांना 'खाली' तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

"त्यांनी वेगळंच विचारलं होतं," सर म्हणाले. हे शब्दशः खरं होतं, आणि सर त्याच्या आड लपले. रंगोबांनी आणखी काही विचारलं नाही. त्यांनी फक्त त्या दिवशी सरांसाठी दुसरा कप चहा ओतला नाही.

आठवड्याने निर्णय आला. बाईंची पद्धत चांगली, पण विषयावर पकड नाही. वर्षअखेर त्यांना मोकळं करावं. ब तुकडी गणिताच्या सरांकडे.

त्या संध्याकाळी सर पुन्हा त्या गल्लीत गेले आणि या वेळी तिसऱ्या घराचं दार वाजवलं. बाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि स्वतः खाटेच्या कडेवर बसून विणकाम हातात घेतलं. पाटी भिंतीला तोंड करून उभी होती. सासू खिडकीजवळ.

"बाई," सर म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना, तेव्हा…"

"त्याचं काय एवढं मनाला लावून घेता, सर," बाई मान वर न करता म्हणाल्या. टाके मोजणं चालू होतं. "मी खूप विचार केला त्यावर. मीच त खाल्ला. वर्गमुळात म्हणायला हवं होतं, मी वर्गमूळ म्हणाले. तुम्ही जे ऐकलंत त्याचं उत्तर बरोबरच दिलंत. शिवाय घरी येऊन एक आकडा घालून बघायला माझे हात कुणी बांधले होते? तुम्ही सांगितलंय म्हटल्यावर मी बघितलंच नाही. पोरीने एका शून्यात पकडलं मला." त्या हसल्या. "तुम्ही मुद्दाम भेटायला आलात, बरं वाटलं."

दार उघडंच होतं. सरांना एवढंच करायचं होतं की 'होय, तसंच झालं' म्हणून मान हलवायची, चहा प्यायचा आणि निघायचं. आणि त्यांनी मान हलवलीही.

तेवढ्यात सासू डोळे बारीक करून म्हणाली, "हे तेच ना गं?"

"कोण, आई?"

"अगं, तू टाचण्या लावत बसली होतीस त्या दिवशी. दिवेलागणीला कोपऱ्यापर्यंत आले, उभे राहिले आणि उलटे फिरले. मी म्हटलं नव्हतं तुला, कुणीतरी आपल्याकडे येता येता परत गेलं म्हणून? तू म्हणालीस, तुम्हाला काय कुणीही दिसतं." सासू सरांकडे वळली. "का हो, तुम्हीच ना? मला अंधूक दिसतं, पण चाल कळते माणसाची."

बाईंच्या हातातल्या सुया थांबल्या. त्यांनी मान वर केली आणि सरांकडे बघितलं. त्यांना हिशेब मांडायला वेळ लागला नाही. त्या संध्याकाळी सर का आले असतील, आणि का फिरले असतील.

"हो," सर म्हणाले. "मीच."

सासू खूश झाली. "बघ! म्हटलं नव्हतं?"

बाईंनी मान खाली घातली. टाके हुकले होते. त्यांनी ओळ पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली आणि मोकळ्या हाताचं एक बोट उभं केलं.

सर थांबले. ओळ मोजून होईपर्यंत थांबले. मग बोट खाली आलं, बाईंनी सुई फिरवली आणि मान वर न करता पुढची ओळ विणायला सुरुवात केली. ती ओळही संपली. सर उठले. सासू म्हणाली, "अहो, चहा?" बाई विणतच राहिल्या. दार सरांनी स्वतःच ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोठ्या बाईंच्या ऑफिसात गेले आणि सगळं सांगितलं. नळावरचं आणि कोपऱ्यावरचंही. मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे तुम्ही मला आज सांगताय?"

"हो."

"सर, मी त्या वर्गात मागे वळून तुम्हालाच विचारलं होतं. तुम्ही उभे होतात. एक वाक्य बोलायचं होतं."

"हो."

मोठ्या बाईंनी तरी संस्थेला कळवलं. तिथून उत्तर आलं की शिक्षकाने स्वतः पडताळून शिकवावं, ऐकीव शिकवू नये, तेव्हा निर्णय आहे तोच राहील. मोठ्या बाईंनी ते सरांना वाचून दाखवलं आणि चष्मा घडी करून डबीत ठेवला. "बरोबरच लिहिलंय त्यांनी," त्या म्हणाल्या. "म्हणूनच फार राग येतो."

वर्षअखेर बाई गेल्या. निरोपाचं काही करू नका, असं त्यांनी सांगितलं होतं. शिपाईमामांनी पाटी त्यांच्या घरी पोचवली. जाताना त्या प्रत्येकाला भेटल्या, सरांनाही. "येते, सर," एवढंच म्हणाल्या, आणि ते नेहमीच्याच आवाजात. सरांना वाटलं, त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण रागावण्याइतकं जवळचं माणूस आपण त्यांच्या लेखी राहिलो नाही, हेही त्यांना कळलं.

ब तुकडीला सर शिकवू लागले. वर्गमुळांच्या आलेखाशी आल्यावर त्यांनी फळ्यावर चिन्ह काढलं आणि पहिलं वाक्य म्हणाले, "आधी छप्पर कुठवर आहे ते बघा." पुढच्या वर्षीही तेच. तोंडी प्रश्न विचारताना एखाद्या पोराने 'वर्गमूळ एक्स उणे तीन' म्हटलं, की सर त्याला थांबवत. "मूळ की मुळात? त खाऊ नकोस. पुन्हा बोल." पोरं आपापसांत नक्कल करत. कुणी डबा उघडला की दुसरा म्हणे, "छप्पर कुठवर आहे ते बघ रे आधी." थोड्याच वर्षांत सरांचं नाव छप्पर सर पडलं. कानावर आलं तेव्हा ते कुणालाही बाकावर उभं करायला गेले नाहीत. पोरांना वाटे, सर फार काटेकोर आहेत, म्हणून त्यांना हे असलं सुचतं.

त्या वाक्यात सरांचं स्वतःचं काहीच नव्हतं. ते त्यांनी बाईंच्या तोंडून ऐकलं होतं, एकदाच, शेवटच्या बाकाजवळ उभं असताना.

आता सर निवृत्त झाले आहेत. दोन वेण्यांची ती मुलगी त्याच शाळेत गणित शिकवते. एकदा रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "सर, मी पण मुलांना लोकर लावूनच दाखवते. बाईंकडूनच नेते लोकर." सर म्हणाले, "हो का, छान," आणि त्यांनी लगेच घाईत असल्यासारखं घड्याळ बघितलं. घरात सुई-दोरा, बटणं, नाडी असं काही लागलं की ते बायकोला पाठवतात. "तुम्हीच का नाही जात, दोन पावलांवर तर आहे," बायको म्हणते. आणि मग त्यांच्या तोंडाकडे बघून पिशवी उचलते.

बाईंची सासू मागच्या वर्षी गेली. बाई बाजारामागच्या रस्त्यावर लोकर आणि बटणांच्या दुकानात गल्ल्यामागच्या उंच स्टुलावर बसतात. दुकान त्यांचं नाही, त्या तिथे कामाला आहेत. दुपारी ते बंद असतं, चार वाजता उघडतं. त्या रस्त्याने जायचं झालं तर सर दुपारीच जातात.